मुक्ताबाईंनी मिश्री सोडली

"कोणी घेतलंय का तिला?"

घशातली नळी निघून एक दिवसही झाला नव्हता. वैष्णवीचा आवाज पत्र्यावरून वीट ओढल्यासारखा येत होता. ती नगर रोडवरच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत, तिची मुलगी सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत. मध्ये अख्खं पुणं. नवऱ्याने, ऋषीने, फोन तिच्या तोंडासमोर धरला होता, आणि फोनमध्ये पेटीशेजारी उभ्या होत्या उत्कर्षा सिस्टर. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते.

"घेतलंय म्हणजे?"

"छातीवर. कांगारू."

सिस्टरांचे डोळे क्षणभर फोनच्या बाहेर कुठेतरी गेले आणि परत आले.

"अहो, आई तुम्ही. तुम्ही तिथे. घेणार कोण?"

"दुसऱ्या कोणी नको."

"नाही घेत. पहिल्यांदा छातीवर घ्याल त्या तुम्हीच. राखून ठेवलीय तुमच्यासाठी. आता गप्प पडा, तुमचं बीपी मला इथून दिसतंय."

वैष्णवी हसली. हसल्यावर घसा दुखला. ऋषीने फोन खिशात टाकला आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. तो हात जरा जास्तच वेळ फिरत राहिला, हे तिला पुष्कळ दिवसांनी आठवलं.

·

राखून ठेवलीय, या दोन शब्दांवर ती त्या आयसीयूत जगली असं म्हटलं तर खोटं नाही.

पाचव्या महिन्यात बीपी वाढलं, तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बाळ लवकर येऊ शकतं. वैष्णवी खराडीच्या कंपनीत नोकरीला. तिने रजा टाकली, डाव्या कुशीवर पडून राहिली आणि लवकर आलेल्या बाळांबद्दल जे सापडेल ते वाचून काढलं. बाळाला नुसत्या लंगोटात, आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून तासन्‌तास बांधून ठेवतात. आईचा ठोका ऐकून ते श्वास घ्यायला शिकतं. तिने ऋषीला हे इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तो म्हणाला, "बाळ वेळेवर आलं तर तू नाराज होशील बहुतेक."

तिच्या वाचनाला एक कारण होतं. ती माहेरची वाशिमची. चार वर्षांची असताना आई गेली, आत्याने वाढवलं. आत्यात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण घरात पाहुणे आले, की आत्या हमखास सांगायची, "हिला आधी मी घेतली. हिची आई बेशुद्ध होती, तिला कुठं काय माहीत." कौतुकाने सांगायची. पाहुणे मान डोलवायचे. आणि लहानगी वैष्णवी दाराआड उभी राहून वाट बघायची, की कोणीतरी विचारेल, मग आई शुद्धीवर आल्यावर काय म्हणाली? कोणी विचारलं नाही.

·

वैष्णवीकडे नसलेले दिवस

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हातात हिरवा चुडा. थोड्याच दिवसांत एका सकाळी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तिने ऋषीला हाक मारली

आणि एकदम पांढरं छत.

मधले दिवस तिला इतरांनी आणून दिले.

ऋषीने दिलेले: फिट आली. वाघोलीतच सिझेरियन. तुला इकडे हलवलं, बाळाला ॲम्ब्युलन्सने पेठेत. तुझ्या किडन्या रुसल्या होत्या, आता ठीक. बाळ स्टेबल. मुलगी. तुझ्यासारखं नाक. टेन्शन घ्यायचं नाही.

उत्कर्षा सिस्टरांनी दिलेले: आली तेव्हा तळहाताएवढी होती. आता तळहाताबाहेर पाय जातात. नळीने दूध घेते. रागीट आहे. कोणावर गेलीय ते तुमचं तुम्ही ठरवा.

सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी दिलेले: "काय सांगू पोरी. देवाची किरपा."

एवढंच. जी बाई नळाला पाणी कमी आल्याची हकिगत अर्धा तास सांगायची, तिने नातीबद्दल फक्त इतकं सांगितलं. वैष्णवीला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बोलत नसतील.

शिवाय ऋषी रोज व्हिडिओ आणायचा. पेटीतला हात. पेटीतला पाय, त्याला चिकटवलेला लाल दिवा. एकात मुलीचा नुसता चेहरा होता, अगदी जवळून घेतलेला, गाल कशावर तरी टेकलेला आणि डोळे चक्क उघडे. त्यात एक बारीक घुमणारा आवाज होता. हंऽऽ. थांबून पुन्हा हंऽऽ.

"हा कसला आवाज?"

"मशीन असेल," ऋषी म्हणाला.

तो व्हिडिओ लावून ती झोपायची.

·

घरी सोडलं, पण बाळाकडे नाही. छातीत कफ होता, खोकला पूर्ण गेल्याशिवाय त्या विभागात पाऊल नको, असं सिस्टरांनी बजावलं होतं. मग ती वाघोलीच्या घरी बसून यंत्राने दूध काढायची, मुक्ताबाई ते बर्फाच्या डब्यातून सकाळी पेठेत न्यायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या.

"दिवसभर काय करता तिथे?"

"काचंतून बगते न् बसते. दुसरं काय करनार."

ऋषीचं घर म्हणजे रस्तारुंदीत अर्धं गेलेलं रान, उरलेल्या अर्ध्यावर चार मजली इमारत, भाडेकरू सगळे कॉलेजचे नाहीतर आयटीतले, आणि इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडात अजूनही दोन म्हशी. ऋषीने विकायचं काढलं की मुक्ताबाई म्हणायच्या, "आधी मला विक." भल्या सकाळी त्या धारेला बसायच्या आणि म्हशीने पान्हा सोडावा म्हणून तोंड मिटून, घशातल्या घशात तिच्याशी काहीतरी बोलायच्या. भाडेकरूंच्या मोटारसायकली सुरू झाल्या की ते ऐकू येईनासं व्हायचं.

या घरात सासूसुनेचं एकच भांडण होतं. ते मिश्रीचं.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बोटाने दातांना लावायची, लावून तासभर ओटीवर बसायचं. त्या धुराने वैष्णवीला ओकारी यायची. पोटात बाळ आहे हे कळल्यावर तिने स्पष्टच सांगितलं होतं, "आई, बाळाला घ्यायचं असेल तर मिश्री सोडावी लागेल." मुक्ताबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या सासूनं न्हाई सोडवली, नवऱ्यानं न्हाई सोडवली. तू बाळ वाढव, मी लांबून बगंन."

घरी आल्यावर दोन-तीन दिवस तिच्या ध्यानात काही आलं नाही. मग एकदा मुक्ताबाई अळिवाची खीर घेऊन आल्या आणि कशावरून तरी हसल्या. दात पांढरे होते. अगदी पांढरे नाहीत, पण हिरड्यांजवळची ती काळी रेघ गेली होती.

"तुम्ही मिश्री सोडली?"

"व्हय."

"कधी?"

"सोडली एकदाची. खीर गार व्हईल."

वैष्णवी खीर खात राहिली आणि मनातून हलली. आपण मरणाच्या दारात होतो, आणि या बाईने आपलं ऐकलं. आपण सांगितलं म्हणून. त्या रात्री तिने ऋषीला सांगितलं, की तुझी आई वाटते तशी नाही. ऋषीने दिवा घालवला.

·

शेवटी खोकला गेला. पेठेत पोचल्यावर ऋषीने वैष्णवी आणि मुक्ताबाई दोघींना दारात उतरवलं आणि गाडी लावायला जागा शोधायला गेला. सदाशिव पेठेत गाडी लावायला गेलेला माणूस परत कधी येईल ते सांगता येत नाही.

आत जायच्या आधी कोपरापर्यंत हात मोकळे लागतात. उत्कर्षा सिस्टरांनी साबणाचा फेस करून तिच्या मनगटावरून हिरव्या बांगड्या एकेक उतरवल्या. प्रत्यक्षात त्या फोनमधल्यापेक्षा बुटक्या होत्या.

"फुटली एखादी तर काही म्हणू नका. मी पुण्याची आहे, पण सॉरी म्हणते."

पुढून उघडणारा गाऊन. मागे रेलणारी खुर्ची. सिस्टरांनी पेटीची खिडकी उघडली, वायरी एका हाताने गोळा केल्या आणि ती आली. टोपी, मोजे, लंगोट, नाकात नळी. बेडकासारखे पाय दुमडून तिला छातीवर उपडी ठेवली, डोकं एका कुशीला वळवलं, वरून झोळीसारखा पट्टा बांधला.

गरम. इतकी हलकी, आणि गरम.

वैष्णवीने डोळे मिटले. आता इथे एक गोष्ट संपायला हवी होती.

मुलगी चुळबुळायला लागली. आधी बोटं, मग कपाळ. तोंड वेडंवाकडं करून तिने मान उचलायचा प्रयत्न केला. डोक्याशी ठेवलेल्या यंत्रावरचा आकडा वर गेला, दुसरा खाली आला, आणि टुंग टुंग सुरू झालं.

"होतं असं," सिस्टर म्हणाल्या. "नवीन जागा आहे."

"नवीन म्हणजे? तिला जुनी जागा कुठेय?"

सिस्टरांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

मुक्ताबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना खरं तर बाहेर बसायला सांगितलं होतं. त्या बघत होत्या, हातांची बोटं एकमेकांत अडकवून, आणि मग त्यांच्या तोंडून तो आवाज आला. त्यांनी काढला नाही, तो आला.

हंऽऽ.

थांबून पुन्हा, हंऽऽ.

मुलीची मान खाली टेकली. बोटं सुटली. यंत्र गप्प झालं.

वैष्णवीला हा आवाज पाठ होता. किती झोपा तिने याच्यावर घेतल्या होत्या. मशीन असेल, ऋषी म्हणाला होता.

·

भांडण, कुजबुजत

त्या खोलीत मोठ्याने बोलायची बंदी होती. दुसऱ्या पेट्यांत दुसऱ्यांची मुलं होती. आणि छातीवर जी होती ती ठोके ऐकते, हेही वैष्णवीने वाचलेलं होतं. म्हणजे चिडायचं, पण काळजाला कळू द्यायचं नाही.

"आई. किती वेळा घेतलंत हिला?"

मुक्ताबाई सिस्टरांकडे बघायला लागल्या.

"त्यांच्याकडे नका बघू."

"रोज."

"कधीपासून?"

"आनली तवापासून."

"आणि परवा? काल?"

"काल बी."

"माझं दूध घेऊन यायचात आणि इथे बसून..."

"काचंतून बगते म्हनायला मला बी काय ग्वाड वाटत न्हवतं पोरी."

सिस्टर मध्ये पडल्या. "हे बघा वैष्णवी..."

"तुम्ही राखून ठेवली होती ना?"

"हो. म्हणाले तसं."

"मी विचारलं तेव्हा ती कुठे होती? पेटीत?"

सिस्टर खुर्चीशी वाकल्या. मग म्हणाल्या, "माझ्या समोर. तुमच्या सासूबाईंच्या अंगावर. मी फोन जरा वर धरला होता."

म्हणजे ते डोळे फोनच्या बाहेर गेले होते ते तिथे.

·

वैष्णवीकडे नसलेले दिवस, गाळलेलं घालून

ॲम्ब्युलन्समधून आली तेव्हा अंग गार होतं. पेटीत ऊब मिळाली तरी श्वास विसरायची. तळपायाला टिचकी मारली की परत घ्यायची, परत विसरायची. डॉक्टर म्हणाले, कोणाची तरी छाती पाहिजे, आई नाही तर जो असेल तो. ऋषीला बसवलं. त्याचं स्वतःचंच काळीज इतकं उडत होतं की दोघांना घाम फुटला. मग सिस्टर बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या मुक्ताबाईंना म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास येतोय. हे लावून आत यायचं असेल तर इथेच बसा."

मुक्ताबाईंनी कमरेची डबी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकण लावून टाकली, सांडू नये म्हणून. तोंड धुतलं, अंग पुसलं, धुतलेला गाऊन घातला. आणि खुर्चीत बसून, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, म्हशीशी बोलतात तसं नातीशी बोलल्या.

मुलगी श्वास घ्यायला शिकली.

हे सगळं सिस्टरांनी सांगितलं, कमी शब्दांत, मुलीच्या पाठीवरचा हात न काढता.

"मग मला सांगायचं होतं हे. मी नाही म्हटलं असतं का?"

"तुम्ही तेव्हा म्हणालात, दुसऱ्या कोणी नको. आयसीयूच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ताण नको. तुमच्या नवऱ्याने हात जोडले."

"आणि नंतर? मी बसायला लागले, चालायला लागले, घरी गेले. तेव्हा?"

"तेव्हा सांगायला हवं होतं."

"मग?"

"नाही सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "त्याला कारण नाही माझ्याकडे."

वैष्णवी मुक्ताबाईंकडे वळली. हलता येत नव्हतं, नुसती मान.

"मिश्री."

"काय?"

"मी किती महिने सांगत होते. मला वाटलं माझं ऐकलंत. मी ऋषीला सांगितलं, तुझी आई चांगली आहे म्हणून. त्याने दिवा घालवला." तिचा आवाज फाटला. छातीवरचं डोकं हललं, तशी ती थांबली, श्वास सावकाश सोडला. "बाहेर जा तुम्ही."

"जाते."

"आणि तो आवाज काढू नका."

"न्हाई काडत."

मुक्ताबाई गेल्या. दार त्यांनी पाय लावून, आवाज न करता बंद केलं. या दाराची त्यांना सवय होती.

·

आता तिघीच. वैष्णवी, मुलगी, सिस्टर. आधी ठरलं होतं तसं.

थोडा वेळ बरं गेलं. वैष्णवी टोपीच्या कडेतून डोकावणारे केस बघत होती. मग मुलीची बोटं पुन्हा उघडमीट करायला लागली. ती काहीतरी शोधत होती. गाल घासत होती, थांबत होती, ऐकत होती, आणि जे हवं ते येत नव्हतं. आकडा खाली. टुंग. टुंग.

सिस्टरांनी नळी नीट केली, मान सरळ केली, तळपाय चोळला.

"थोडं थांबून बघू. नाही झाली शांत तर पेटीत ठेवू. उद्या परत घ्या, काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही.

वैष्णवीने तोंड मिटलं आणि घशातल्या घशात आवाज काढला. हंऽऽ. नळीने सोलवटलेला घसा, त्यातून तो खरखरत, तुटत आला. मुलगी दचकली. चेहरा लाल झाला, ओठ पसरले, आणि रडण्याइतकी ताकद नसलेलं बाळ रडतं तसं ती रडली. नुसतं तोंड, आवाज नाही.

सिस्टरांचा हात पट्ट्याच्या गाठीकडे गेला.

"थांबा," वैष्णवी म्हणाली. "बोलवा."

"कोणाला?"

"तुम्हाला माहितीय."

मुक्ताबाई आल्या. आधी पुन्हा कोपरापर्यंत हात धुतले, जरी हाताचं काम कोणी सांगितलं नव्हतं. खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हितून?"

"तिथूनच. हात लावायचा नाही."

"न्हाई लावत."

हंऽऽ.

तो आवाज वैष्णवीच्या मानेवर आला, केसांतून आला, खुर्चीच्या पाठीतून बरगड्यांत उतरला. त्याला मिश्रीचा नाही, लवंगेचा वास होता. मुलगी थबकली. पुन्हा हंऽऽ. गाल टेकला. मूठ उघडली आणि वैष्णवीच्या गळ्याखाली, जिथे मंगळसूत्र असायचं तिथे, पसरून राहिली. आकडा चढत चढत जिथे असायला हवा तिथे गेला.

"बघा," सिस्टर हळूच म्हणाल्या, "आईच्या अंगावर झोपली."

"तुम्ही ते म्हणू नका."

सिस्टरांनी मान हलवली. तेवढ्यात त्यांच्या खिशात वॉर्डचा फोन थरथरला. तोच, ज्यावरून इतके दिवस बोलणं व्हायचं. त्यांनी वाचलं.

"ऋषीचा मेसेज आहे. जागा मिळाली म्हणतो. घेतलं का तिला, विचारतोय. फोटो मागतोय." त्या घुटमळल्या. "काढू?"

"काढा."

सिस्टरांनी फोन धरला. सवयीने जरा खाली, जरा जवळ. मुक्ताबाईंना ते कळलं. त्या आवाज न थांबवता बाजूला सरकायला लागल्या, भिंतीकडे, चौकटीबाहेर. त्यांनाही सवय होती.

"हलू नका," वैष्णवी म्हणाली. मागे न बघता. "सिस्टर, लांबून काढा. सगळं येऊ दे."

"सगळं म्हणजे..."

"मागे कोण उभं आहे तेही."

सिस्टर दोन पावलं मागे गेल्या. फोटो निघाला. त्यात झोपलेली मुलगी आहे, तिच्या खाली वैष्णवी, सरळ फोनकडे बघणारी, न हसणारी. आणि खुर्चीच्या मागे एक म्हातारी, डोळे मिटलेले, तोंड मिटलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या.

"खाली काय लिहू?" सिस्टरांनी विचारलं.

"काही नाही. पाठवा."